तेफळाचे चिनी भाऊबंद

मंडळी, गोव्यात चायनीज म्हटलं की आधी आठवतो तो जत्रेतला गोबी मंच्युरियनचा गाडा. कृत्रिम रंग आणि अस्वच्छता या कारणांनी म्हापसा पालिकेनं २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. चीनला त्याचं सोयरसुतक असायचं कारण नव्हतं. मंच्युरियन मुंबईचं, १९७५च्या सुमारास नेल्सन वाँग यांनी ते पहिल्यांदा केलं असं मानतात. त्याला नावं ठेवायला मी उभा नाही, जत्रेत मीही खातो.

पण हल्ली एखाद्या हॉटेलात मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर मापो तोफू सापडतो. वेटर आधीच सांगतो, “साहेब, हे वेगळं असतं हां, लोक परत पाठवतात.” पाठवू नका. हा सिचुआन प्रांतातल्या चंगडूचा, एकोणिसाव्या शतकातला पदार्थ. मुळात यात गोमांसाचा खिमा असतो. इथे डुकराचा असतो किंवा नुसतं मशरूम, तेव्हा विचारून घ्यावं. खाली लालभडक तेल, त्यात थरथरणारा मऊ तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर. आधी लागते ती मिरची आणि ब्रॉड बीन्स एकत्र आंबवून मुरवलेल्या चटणीची खारट-तिखट चव. मग हळूच ओठांना मुंग्या येतात, जीभ बधिरते, आणि घोटभर पाणी प्यायलात तर पाणीसुद्धा निराळं लागतं. आमच्यातल्या एकानं तर ‘ॲलर्जी झाली’ म्हणून चमचाच खाली ठेवला. घरी तेफळ घातलेलं बांगड्याचं हुमण (कालवण) ओरपणारा माणूस!

नवल अशासाठी, की त्या मुंग्या आणणारं हुआज्याओ, म्हणजे सिचुआनची मिरी, हे आपल्या तेफळाच्याच (तिरफळाच्याच) वंशातलं. वनस्पतिशास्त्रात दोन्ही झँथोझायलम. त्यातलं सँशूल नावाचं द्रव्य जिभेवरच्या स्पर्शाच्या नसा चाळवतं, म्हणून ती झिणझिण. दोन्हीकडे आतली काळी बी टाकून देतात, कामाची ती वरची साल. आपण उडदामेथीत तेफळं जराशी ठेचून घालतो. तिकडे भाजून पूड करतात आणि तोफू उतरवताना वरून भुरभुरतात. तिकडचा वास लिंबाच्या सालीकडे झुकणारा, आपला अधिक रानटी. माझं मत विचाराल तर माशाला आपलंच बरं.

मिरची दोन्ही स्वयंपाकघरांत मागाहून आलेली, मूळची अमेरिका खंडातली. गोव्यात ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. चीनमध्ये तिची नोंद त्याच शतकाच्या अखेरीस सापडते; सिचुआनच्या रोजच्या जेवणात रुळायला मात्र आणखी बराच काळ गेला. तोवर झणका होता तो हुआज्याओचा. आणि चीनच्या किनाऱ्यावरचं पोर्तुगीजांचं मकाव १८४४ पर्यंत गोव्याच्या अंमलाखाली होतं, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही.

तिखट सोसत नसेल तर कँटनच्या पद्धतीचा वाफवलेला मासा मागवा. अख्खं चणक (हा मासाच), वर आल्याचे बारीक काप, पातीचा कांदा, थोडा सोया सॉस. मग धूर येईपर्यंत तापवलेलं तेल वरून चर्र करून ओततात. कॉर्नफ्लोअर नाही, लसणीचा मारा नाही, त्यामुळे शिळ्या माशाला लपायला जागाच नाही. सोबत फ्राइड राइस नको, साधा भात सांगा. आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा मासा कुठला आणि कधीचा, हे ऑर्डर देण्याआधी विचारा.