कोंबडीला न पचणारी साखर

(उदगीर परिसरातल्या कुक्कुटपालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पिल्लांची गाडी शेडवर आली की पहिल्या पाण्यात आपण गूळ घालतो. प्रवासानं दमलेलं पिल्लू तरतरीत होतं, त्यात चूक काही नाही. पण आजचा विषय त्या साखरेचा नाही. गुळातली साखर लहान आतड्यातच फुटते, रक्तात जाते आणि संपते. आजचा विषय प्रीबायोटिक साखरांचा, म्हणजे पक्ष्याच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना पोसणाऱ्या, बाजारात पुडीतून मिळणाऱ्या साखरांचा. त्या फोडणारं विकर कोंबडीकडं नाहीच. त्या तिला पचत नाहीत आणि म्हणूनच त्या कामाच्या.

न पचलेली साखर जाते कुठं? लहान आतडं संपतं तिथं दोन बंद पिशव्या असतात, सिका. मेलेला पक्षी फाडताना डॉक्टरांनी दाखवल्या असतील. त्यातल्या एका ग्रॅम मालात हजार कोटींच्या वर जिवाणू असतात. लिटरवर, म्हणजे शेडमध्ये पसरलेल्या भुश्याच्या थरावर, मधूनच चॉकलेटी, चिकट विष्ठा दिसते ना, ती इथली. ती बघून कितीतरी जण हगवण समजून औषध आणायला पळतात. अहो, निरोगी पक्षीही दिवसातून एक-दोनदा तशी टाकतोच.

तर या पिशव्यांतले जिवाणू ती साखर आंबवतात. बिफिडो जातीचे जिवाणू तिच्यापासून लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्ल बनवतात. दुसऱ्या काही जाती ते खाऊन ब्युटिरिक आम्ल तयार करतात. सिकाच्या अस्तरातल्या पेशींचं हे मोठं इंधन. शिवाय आतला माल आंबट झाला की साल्मोनेला या रोगकारक जिवाणूला तिथं वाढणं जड जातं. म्हणजे आपण पोसतो जिवाणूंना आणि राखण होते पक्ष्याची.

कांदा, लसूण, चिकोरी यांत असलेल्या फ्रुक्टोजच्या साखळ्या या जातीच्या. यीस्टच्या पेशीभिंतीतून काढलेल्या मॅननचं (मॅनोज साखरेच्या साखळ्यांचं), म्हणजे बाजारातल्या एमओएसचं (मॅनन-ऑलिगोसॅकराइडचं), काम मात्र निराळं. ई. कोलाय आणि साल्मोनेला यांच्या अंगावर बारीक केस असतात. त्या केसांनी हे जिवाणू आतड्यावरच्या मॅनोज साखरेला धरून बसतात. खाद्यात मॅनन असलं की ते त्यालाच धरतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. क्लॉस्ट्रिडियम या दुसऱ्या रोगकारक जिवाणूकडं मॅनोज धरणारे असे केस नाहीत, त्यामुळे तिथं ही युक्ती थेट चालत नाही. हे पुडीवर कुणी छापत नाही!

आता मुळात जिवाणू येतात कुठून? डालग्याखाली खुडूक कोंबडीनं काढलेलं पिल्लू आईच्या मागं उकिरडा उकरतं, तिच्याकडूनच सगळं घेतं. हॅचरीतलं पिल्लू आईला बघतच नाही. १९७३ साली फिनलंडच्या नुर्मी आणि रांतालांनी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला माल नवजात पिल्लांना पाजला, आणि ती साल्मोनेलाला दाद देईनात. त्यामुळे माझं मत असं की साखर द्यायची तर पहिल्या आठवड्यापासून. पस्तिसाव्या दिवशी विक्रीच्या तोंडावर टाकलेल्या पुडीतून फारसं काही हाती लागत नाही.

आपल्या लातूर पट्ट्यात सोयाबीन उदंड. सोयापेंडीत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा शेकडा पाच-सहाच्या आसपास असतात. त्याही कोंबडीला पचत नाहीत. मग पुडी कशाला, असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. पण या साखरा जास्त झाल्या की विष्ठा पातळ होते, लिटर भिजतं, अमोनिया सुटतो, पायाला जखमा होतात. प्रीबायोटिकचंही तेच. म्हणून एमओएसची मात्रा टनाला साधारण एक-दोन किलोच असते. दुप्पट टाकलं म्हणून दुप्पट गुण येत नाही.

युरोपनं वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं २००६ पासून बंद केलं. आपल्याकडं २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली. तेव्हापासून या साखरांचा बोलबाला वाढला. पण त्या औषध नव्हेत. कोंबड्यांवरच्या प्रयोगांत कधी वजन वाढलेलं दिसतं, कधी काहीच फरक पडत नाही. स्वच्छ शेड, चांगलं खाद्य, रोगाचा दाब कमी, तिथं बहुधा काही दिसत नाही. आपल्या मे महिन्याच्या उन्हात गोष्ट वेगळी. पक्षी धापा टाकतो, रक्त कातडीकडं वळतं, आतड्याचं अस्तर कमकुवत होतं. अशा वेळी मदतीला वाव असतो; पण आधी फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र), पंखे आणि गार पाणी. पुडी त्यानंतर.

करारावर पक्षी वाढवणाऱ्यांनी स्वतःच्या मनानं काही टाकू नये. खाद्य कंपनीचं असतं, आणि त्यात मॅनन आधीच असू शकतं; सुपरवायझरला विचारा. ज्यांचं खाद्य स्वतःचं, त्यांनी शेडच्या मधोमध जाळी लावावी. एकाच हॅचची पिल्लं दोन्हीकडं, खाद्य तेच, पुडी एकाच बाजूला. दर आठवड्याला दोन्हीकडचे पक्षी तोलायचे, खाद्य मोजायचं, मर लिहायची आणि लिटर मुठीत दाबून बघायचं. एका बॅचवर निकाल ठरवू नका. एक उन्हाळी, एक पावसाळी तरी घ्या. ती वही घेऊन या, मग कोणती पुडी घ्यायची ते बोलू.