रिमोट डेस्कटॉप सर्व्हरचा सीपीयू १०० टक्के? रीस्टार्ट करण्याआधी हे बघा

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. एकाच विंडोज सर्व्हरवर वीस-पंचवीस जण रिमोट डेस्कटॉपने काम करतायत आणि अचानक फोन सुरू होतात. टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतंय, एक्सेल अडकलंय, माउस पुढे जातच नाहीये. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू ९८, ९९, १००. अशा वेळी हात पहिल्यांदा रीस्टार्टकडे जातो. कृपा करून थांबा. रीस्टार्ट केलं की सगळ्यांचं सेव्ह न केलेलं काम जातं, आणि सीपीयू कोण खात होतं याचा पुरावाही जातो. मग दोन दिवसांनी तेच फोन पुन्हा.

[स्क्रीन: टास्क मॅनेजर, युजर्स टॅब]

ॲडमिन म्हणून लॉगिन करा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा आणि थेट युजर्स टॅबवर या. बहुतेक जण प्रोसेसेस टॅबवरच अडकतात. तिथे ब्राउझरच्या शंभर ओळी दिसतात आणि कोणती कुणाची ते कळत नाही. युजर्समध्ये सीपीयूच्या कॉलमवर क्लिक करून क्रम लावा. आता सगळ्या युजरांची टक्केवारी अंदाजाने जोडा. बेरीज एकूण वापराच्या जवळपास येत असेल तर दोषी कुणाच्या तरी सेशनमध्ये, म्हणजे लॉगिन केल्यापासून लॉगऑफपर्यंतच्या कामात, आहे. एकूण ९५ आणि युजरांची बेरीज जेमतेम ३० असेल, तर उरलेला भार सर्व्हिसेसचा, म्हणजे मागे चालणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामांचा आहे. त्या सेशन शून्यमध्ये चालतात. इथून पुढचे दोन्ही रस्ते वेगळे आहेत, म्हणून ही बेरीज टाळू नका.

आधी युजरांचा रस्ता. नावासमोर डिसकनेक्टेड लिहिलेलं आहे आणि तरीही सीपीयू चालू आहे, असं कुणी दिसतंय का? रिमोट डेस्कटॉपची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली की सेशन संपत नाही. आतलं सगळं तसंच चालू राहतं, उघडा ब्राउझर, अडकलेला मॅक्रो, सगळं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'क्वेरी युजर' चालवलं की प्रत्येक सेशनचा नंबर, स्थिती आणि किती वेळ निष्क्रिय आहे ते दिसतं. त्या माणसाला विचारून, काम सेव्ह आहे याची खात्री करून, 'लॉगऑफ' आणि पुढे सेशनचा नंबर द्या.

हे रोज हाताने करायचं काम नाही. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या एकत्रित नियमांत, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टखाली (सेशन होस्ट म्हणजे ज्यावर लोकांची सेशन चालतात तो सर्व्हर) सेशन टाइम लिमिट्स आहे, तिथे डिसकनेक्टेड सेशनची मुदत ठरवा. एक ते दोन तास ठीक. पाच मिनिटं ठेवू नका. कुणाचं इंटरनेट क्षणभर गेलं आणि परत यायला थोडा उशीर झाला, तर त्याचं अर्धं काम उडेल.

[स्क्रीन: डिटेल्स टॅब]

सेशन चालू आहे आणि माणूस समोर बसलेला आहे, तर डिटेल्स टॅबवर या. कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून सेशन आयडी आणि सीपीयू टाइम हे कॉलम चालू करा. सीपीयू टाइम म्हणजे ती प्रोसेस सुरू झाल्यापासून तिने एकूण किती प्रोसेसर वेळ खाल्ला. या क्षणी शांत दिसणारी पण सकाळपासून तीन तास खाऊन बसलेली प्रोसेस इथेच पकडली जाते.

आता हा आकडा नीट बघा. आठ लॉजिकल कोअरचा सर्व्हर आहे आणि एक प्रोसेस सतत १२ किंवा १३ वर खिळलेली आहे. दिसायला किरकोळ. पण १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. याचा अर्थ त्या प्रोग्रामचा एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, एक पूर्ण कोअर खाऊन गोल गोल फिरतोय. चार कोअर असतील तर हाच आकडा २५ दिसेल, सोळा असतील तर ६. असे तीन-चार जण एकाच जुन्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये अडकले की अर्धा सर्व्हर गेला.

एक्सेलचं उलटं आहे. ते गणित करताना मुळातच सगळे कोअर वापरतं. पूर्ण कॉलमवर लावलेले फॉर्म्युले असतील तर एका माणसाच्या एंटरने सगळा आलेख वर जातो. ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, फॉर्म्युलाज या भागात थ्रेडची संख्या हाताने दोन किंवा चारवर आणता येते. शेअर्ड सर्व्हरवर ती आणावीच.

ब्राउझर हा तिसरा नेहमीचा गिऱ्हाईक. सर्व्हरला ग्राफिक्स कार्ड नसेल तर व्हिडिओ उलगडायचं काम सीपीयू करतो आणि तेच चित्र युजरकडे पाठवण्यासाठी पुन्हा दाबून बसवायचं कामही सीपीयूच करतो, म्हणजे दुहेरी भार. खिडकी बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची ब्राउझरची सोय पॉलिसीने बंद करा.

[कॅमेऱ्यासमोर]

आता सर्व्हिसेसचा रस्ता. एसव्हीसीहोस्ट नावाची, विंडोजच्या सर्व्हिसेस आपल्या पोटात चालवणारी प्रोसेस वर दिसली तर तिला मारू नका. राइट क्लिक करून 'गो टू सर्व्हिसेस' निवडा, आत कोणती सर्व्हिस आहे ते कळेल. ती विंडोज फायरवॉलची निघाली, तर रिमोट डेस्कटॉप सर्व्हरचं एक खास दुखणं तपासा. फायरवॉलचे इनबाउंड रूल्स, म्हणजे आत येणाऱ्या कनेक्शनचे नियम उघडा. तेच ते नाव शेकडो, कधी हजारो वेळा दिसतंय? प्रत्येक युजरच्या लॉगिनला स्टोअर ॲप्ससाठी नवे नियम तयार होतात. प्रोफाइल डिस्क, म्हणजे प्रत्येक युजरच्या फाइली आणि सेटिंग्जची वेगळी डिस्क, वापरत असाल तर ते लॉगऑफनंतर तसेच साचत जातात. लॉगिन लांबतं, काळी स्क्रीन राहते, स्टार्ट मेनू उघडत नाही. अपडेट लावलेल्या सर्व्हर २०१६ आणि २०१९ वर उपाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात आहे. शेअर्डॲक्सेस सर्व्हिसच्या पॅरामीटर्सखाली फायरवॉलपॉलिसी ही की, म्हणजे फोल्डरसारखा कप्पा आहे. तिथे 'डिलीटयुजरॲपकंटेनर्सऑनलॉगऑफ' नावाची डीवर्ड (म्हणजे आकडा ठेवणारी) व्हॅल्यू करून तिला १ द्या. आधी त्या कीचा बॅकअप घ्या. याने नवे नियम साचणं थांबतं. जुने साचलेले वेगळे साफ करावे लागतात.

डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट, म्हणजे इतर प्रोग्रामांना सर्व्हरची माहिती पुरवणारी प्रोसेस, वर असेल तर खरा दोषी दुसराच कुणीतरी असतो. बहुधा दर काही सेकंदांनी माहिती मागणारं मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटीच्या ऑपरेशनल लॉगमध्ये ५८५८ क्रमांकाच्या नोंदी बघा. त्या फसलेल्या क्वेरींच्या असतात, पण त्यात क्लायंट प्रोसेस आयडी असतो. तो नंबर डिटेल्स टॅबमध्ये शोधला की मागणारा सापडतो.

पासवर्ड तपासणारी एलसॅस ही प्रोसेस वर आहे आणि लॉगिनच्या लॉगऑनयूआय, विनलॉगऑन या प्रोसेस सारख्या जन्मतायत आणि मरतायत, तर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदी शोधा. अनोळखी नावांनी मिनिटाला डझनावारी फसलेले लॉगिन दिसले, तर कुणीतरी बाहेरून पासवर्ड ठोकून बघतंय. इथे सीपीयूचा विचार नंतर. रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट ३३८९ इंटरनेटवरून ताबडतोब बंद करा आणि प्रवेश व्हीपीएन किंवा रिमोट डेस्कटॉप गेटवेमधूनच (मधल्या सुरक्षित दारातूनच) द्या.

[स्क्रीन: परफॉर्मन्स मॉनिटर]

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते आता सांगते. सीपीयू १०० असणं म्हणजे लोकांचं काम अडलंच असं नाही. सर्व्हर २००८ आर२ पासून विंडोज सेशन होस्टवर प्रोसेसरचा वेळ सेशनांमध्ये समान वाटते. ही सोय सुरुवातीपासून चालू असते. एकट्याने सगळा मोकळा सीपीयू घेतला, तरी दुसरा आला की त्याला त्याचा वाटा मिळतो. म्हणून टक्क्यांपेक्षा माणूस किती वेळ ताटकळतोय ते मोजा. सर्व्हर २०१९ पासून 'युजर इनपुट डिले पर सेशन' हा काउंटर आहे. रजिस्ट्रीत टर्मिनल सर्व्हर या कीखाली 'एनेबललॅगकाउंटर' ही डीवर्ड व्हॅल्यू १ करा आणि सर्व्हर सुट्टीच्या वेळेत रीस्टार्ट करा. कळ दाबल्यापासून प्रोग्रामने ती उचलेपर्यंत किती मिलिसेकंद गेले, ते सेशनगणिक दिसतं. एकाच सेशनचा आकडा फुगलेला असेल तर दुखणं त्याच्या प्रोग्रामचं आहे. सगळ्यांचे एकदम फुगले तर सर्व्हरचं.

सोबत प्रोसेसर क्यू लेंग्थ, म्हणजे प्रोसेसरची वाट बघणाऱ्या थ्रेडची रांग, ठेवा. कोअरमागे दोनहून जास्त, आणि तेही सतत, असेल तर रांग खरी आहे. हे सगळं परफॉर्मन्स मॉनिटरच्या डेटा कलेक्टर सेटमध्ये १५ सेकंदांच्या अंतराने नोंदवत ठेवा, म्हणजे तुम्ही जागेवर नसतानाचा झटकाही हाती लागतो.

दोषी कुणीच सापडत नसेल तर दोन गोष्टी उरतात. पहिली पॉवर प्लॅन. विंडोज सर्व्हर मुळात बॅलन्स्डवर येतो, तो हाय परफॉर्मन्सवर न्या. दुसरी, सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर होस्टकडे, म्हणजे तो ज्या खऱ्या मशीनवर चालतो तिथे, सीपीयू रेडी (व्हर्च्युअल सर्व्हर खऱ्या सीपीयूची किती वेळ वाट बघतो ते) बघा. होस्टच भरलेला असेल तर व्हर्च्युअल कोअर वाढवून उलट त्रास वाढतो. होस्ट मोकळा आहे, भार सगळ्या सेशनांत सारखा पसरलाय आणि रांग तासन्‌तास हटत नाही, एवढं लॉगमध्ये दिसलं तरच कोअर वाढवा. युजर आणखी वाढणार असतील तर दुसरा सेशन होस्ट जोडून माणसं विभागा.