मुंबई–दिल्ली : तिकिटावरचे सव्वादोन तास

[दृश्य: मुंबई विमानतळ, पहाट. ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो आहे.]

मुंबई ते दिल्ली. राजधानी एक्स्प्रेसने सुमारे १,३८५ किलोमीटर, आकाशातल्या सरळ रेषेत १,१४०. पस्तीस हजार फुटांवर प्रवासी जेट ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार केला तर १ तास २२ मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास. मग वरची पन्नास मिनिटं जातात कुठे?

बरीचशी जमिनीवरच. तिकिटावरची सुटण्याची वेळ उड्डाणाची नसतेच. विमान जागेवरून हललं की ती सुरू होते आणि दिल्लीत स्टँडवर चाकांना अडसर लागला की संपते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी सहसा एकच चालते. सकाळच्या गर्दीत टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर, वीस मिनिटं सहज मोडतात. दिल्लीत धावपट्ट्या चार, पण लांबच्या पट्टीवर उतरलात तर टर्मिनल गाठायलाच पंधरा मिनिटं.

[दृश्य: जुहूचा किनारा. वरून समुद्राकडे जाणारं विमान.]

हवेतही सरळ रेषा फक्त नकाशावर. पश्चिमेकडे उडालेलं विमान जुहूवरून आधी समुद्रावर जातं, मग उत्तरेला वळतं. दहा हजार फुटांखाली वेगाची मर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटर. उतरणं दिल्लीच्या दोनशे किलोमीटर अलीकडेच सुरू होतं. पूर्ण वेगाने कापायला उरतात जेमतेम सातशे किलोमीटर.

आता वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचा जोरदार झोत वाहतो. दिल्लीची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे बावीस अंश कललेली, त्यामुळे ताशी दीडशे किलोमीटरच्या वाऱ्यातला सुमारे पंचावन्नचा वाटा जाताना मदतीला येतो आणि येताना तेवढाच समोरून अडवतो. फरक सात-आठ मिनिटांचा. मुंबई–कोलकात्यासारख्या पूर्व-पश्चिम मार्गावर हाच फरक चांगलाच जाणवतो.

कंपन्या हे सगळं धरूनच वेळापत्रक बांधतात, वर थोडी शिल्लकही ठेवतात. उशिरा सुटलेलं विमान कधी कधी वेळेवर पोहोचतं ते त्यामुळेच. वैमानिकाने वेग वाढवला म्हणून नव्हे.

[दृश्य: दिल्ली, जानेवारी. धुक्यात अंधूक दिसणारे धावपट्टीचे दिवे.]

डिसेंबर-जानेवारीत मात्र ही शिल्लक पुरत नाही. दाट धुक्यात उतरण्याची कॅट-थ्री यंत्रणा दिल्लीत आहे, पण विमान आणि वैमानिक दोघेही त्यासाठी पात्र लागतात. नसतील तर घिरट्या, नाहीतर थेट जयपूर. त्यात एकच विमान दिवसभर फेऱ्या मारतं. पहाटेचा उशीर संध्याकाळच्या फेरीपर्यंत पुरतो. दिल्लीहून पुढचं विमान धरायचं असेल तर या दोन महिन्यांत पहाटे उतरणारी फेरी टाळा, दुपारची घ्या. आणि दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढा. वेगवेगळी काढली आणि दुसरं विमान चुकलं, तर त्याचे पैसे सहसा बुडतात.