आवक-जावक
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : पहाट. झिरोचा दिवा. दुलईवर ठेवलेले दोन हात.]

पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं. नाशिक, सिडको. दूधवाला अजून यायचाय. काकू जाग्या आहेत, पण उठायला अजून तासभर तरी आहे. त्या म्हणतात, "मी आधी उठते, हात मागून उठतात."

काकूंना १९ वर्षांपासून आमवात आहे. डॉक्टरांच्या फायलीत त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस लिहिलेलं असतं. म्हातारपणी गुडघे झिजतात तो हा आजार नव्हे. यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. सुरुवात बहुतेकदा हातापायांच्या लहान सांध्यांपासून होते, आणि दोन्ही बाजूंना सारखीच. पुरुषांपेक्षा बायकांना हा कितीतरी जास्त होतो. सकाळी सांधे असे आखडतात की तास तास सुटत नाहीत. आटोक्यात ठेवता येतो, पण कायमचा जाईल असं कुणी डॉक्टर सांगत नाही.

चेहरा दाखवायचा नाही आणि नाव घ्यायचं नाही, अशी काकूंची अट होती. त्यामुळे दुखणं आणि ध्यान यांवरची ही फिल्म हातांची झाली आहे.

[दृश्य : स्वयंपाकघर. ओट्यावर चहापत्तीचा स्टीलचा डबा. जवळून.]

हा शॉट तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे. आम्ही तो कापलेला नाही.

आधी उजव्या हाताचा अंगठा झाकणाच्या कडेला लागतो आणि निसटतो. मग डावा, तोही निसटतो. इथं आमचा कॅमेरामन मदतीला पुढे सरकला होता, फ्रेम थोडी हलते ती त्यामुळे. काकूंनी मान हलवूनच "नको" म्हटलं. तिसऱ्यांदा झाकण निसटतं तेव्हा काकू थांबतात. दोन्ही हात ओट्यावर उताणे ठेवतात.

आता खांद्यांकडे बघा. ते कानांपर्यंत चढले आहेत. एक श्वास जातो. दुसरा जातो. खांदे खाली येतात.

मग त्या उलथनं घेतात, त्याचं टोक झाकणाखाली घालतात आणि डबा उघडतो. उघडला तो उलथन्यानं, श्वासानं नव्हे. आधीच सांगितलेलं बरं, कारण ध्यानावरच्या बऱ्याच व्हिडिओंत श्वासानं डबेच काय, बंद पडलेल्या किडन्यासुद्धा उघडतात.

"पूर्वी मी डबा आपटायचे," काकू सांगतात. "हात आणखी दुखायचा, डब्याला पोचा यायचा, आणि सूनबाई आतून विचारायची, काय झालं आई? मग तिच्यावर डाफरायचे. चहा राहायचा बाजूलाच."

[दृश्य : कपाटावरून खाली काढलेला मराठी टाइपरायटर. कळांवरची धूळ. बोटं कळांवरून फिरतात, दाबत नाहीत.]

काकू सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. नंतर बढती मिळून आवक-जावक विभागात गेल्या. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदाची आवक रजिस्टरात नोंद करायची: क्रमांक, तारीख, कुणाकडून, विषय. गेलेला कागद जावक रजिस्टरात लिहायचा. आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. ज्यांनी सरकारी कचेरीत उमेदवारी केली आहे त्यांना हे रजिस्टर डोळ्यांसमोर येईल: लाल कापडी पाठ, जाड पुठ्ठा, कोपरे मऊ पडलेले. त्याची आठवण ठेवा. पुढे लागणार आहे.

[दृश्य : पाऊस. कसारा घाट. गाडीला मागून जोडलेली इंजिनं. बोगदा.]

आता आम्ही मुंबईकडून इगतपुरीला निघालो आहोत, काकू ध्यान शिकल्या तिथं. कसाऱ्याला गाडी थांबते, मागे जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचा चढ १ ला ३७ आहे. गाडी त्यांच्या रेट्यानं वर चढते आणि इगतपुरीला ती इंजिनं सुटतात. घाटाचा एवढा मोठा तुकडा फिल्ममध्ये कशाला, असं एडिटिंगच्या वेळी विचारणं झालं. खरं उत्तर हेच की त्या दिवशी ढग फार सुंदर उतरले होते.

[दृश्य : डोंगराखालचा सोनेरी पॅगोडा, लांबून. भिजलेली झाडं. फाटक.]

धम्मगिरी. १९७६ साली इथं विपश्यना या ध्यानपद्धतीची शिबिरं सुरू झाली. दहा दिवस मौन. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक. जेवण अकराला, संध्याकाळी पाचला नवख्यांना चहा आणि थोडं काही. फोन, पुस्तक, वही काहीही जवळ ठेवायचं नाही. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, नाकपुड्यांपाशी. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. मग लक्ष डोक्यापासून पायापर्यंत फिरवायचं, जिथं जी संवेदना असेल ती बघायची आणि पुढे जायचं. आमचा कॅमेरा फाटकाशीच थांबला. आतलं आहे ते काकूंच्या सांगण्यातून.

या जागेची गोष्ट डोकेदुखीपासून सुरू होते.

[दृश्य : जुन्या रंगूनची छायाचित्रं.]

इथली शिबिरं सुरू करणाऱ्या सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ सालचा, मंडालेचा. घराणं मारवाडी, व्यापार ब्रह्मदेशात. तरुणपणीच मोठे उद्योजक झाले आणि त्याच काळात अर्धशिशीनं त्यांना धरलं. दुखणं इतकं की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. परदेशातले डॉक्टरही करून झाले. आता अर्धशिशीबरोबर मॉर्फिनचीही भीती बसली. कुणीतरी ऊ बा खिन यांचं नाव सुचवलं.

ऊ बा खिन हे साधू नव्हते. ते होते ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल, म्हणजे सगळ्या सरकारी हिशेबांचे साहेब. आपल्या कचेरीतल्या कर्मचाऱ्यांनाही ते ध्यान शिकवत. काकूंना या माणसाबद्दल विशेष आपुलकी आहे. "साहेब असावा तर असा. आमचे साहेब नुसते मस्टर बघायचे."

गोयंका त्यांच्याकडे गेले आणि डोकेदुखीसाठी शिकायचंय म्हणाले. ऊ बा खिन यांनी चक्क नकार दिला. मन निर्मळ करायला येणार असाल तर या, दुखणं गेलं तर तो वरचा फायदा समजा, पण त्यासाठी म्हणून येऊ नका, असं त्यांचं म्हणणं. गोयंका १९५५ साली पहिल्या शिबिराला बसले. पुढची १४ वर्षं तिथंच शिकले आणि १९६९ साली भारतात येऊन शिकवू लागले. त्या नकाराची गोष्ट ते स्वतःच सांगत असत. म्हणजे ज्या परंपरेत आज लोक पाठदुखी, कंबरदुखी घेऊन येतात, तिच्या दारात पहिल्या दिवसापासून पाटी आहे: इथं दुखणं बरं करून मिळत नाही.

[दृश्य : रुग्णालयाच्या लांब मार्गिकेचं रेखाटन. त्यावर कॅसेटचा आवाज.]

ऊ बा खिन यांच्या शिकवणीची दुसरी फांदी अमेरिकेत गेली. जॉन कबात-झिन यांनी एमआयटीतून रेणवीय जीवशास्त्रात डॉक्टरेट केली होती. ऊ बा खिन यांच्याच एका अमेरिकन शिष्याच्या शिबिरात ते बसले. तासन्‌तास न हलता बसायचं म्हणजे गुडघ्यांची काय अवस्था होते ते तिथं अंगावर आलं. १९७९ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला, विद्यापीठाच्या रुग्णालयात, एक वर्ग सुरू केला. डॉक्टरांनी सगळं करून पाहिलं, आता काय करणार, अशा रुग्णांसाठी. सुरुवातीला दहा, पुढे आठ आठवडे. आठवड्यातून एकदा वर्ग, आणि रोज घरी पाऊण तास कॅसेट लावून आडवं पडायचं. डाव्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करून लक्ष हळूहळू अंगभर फिरवायचं. देव नाही, बुद्ध नाही, पाली शब्द नाहीत. त्याला ते म्हणत माइंडफुलनेस, म्हणजे सजगता.

आपल्याकडे हा शब्द मोबाइलच्या ॲपमधून आला. विमानानं गेलेला माणूस वीस वर्षांनी नाव बदलून परत यावा तसा. त्याचं गाव इगतपुरीच्या शेजारचं आहे, हे ॲपवाले सांगत नाहीत. म्हणून आम्ही सांगतोय.

[दृश्य : पुन्हा काकूंची खोली. पहाट. आवाज फक्त काकूंचा, हळू.]

"उजवी तर्जनी, मूळ. ठणका. … मधलं बोट. ठणका, जरा कमी. … मनगट. ओढ. … डावा अंगठा. काही नाही. … डावं मनगट. चमक. गेली. … कोपर. काही नाही."

एरवी त्या हे मनात म्हणतात. आमच्यासाठी आवाजात म्हटलं.

इथं आपली भाषा कामाला येते. ठणका वेगळा, कळ वेगळी. चमक येते आणि जाते, रग भरते, ओढ लागते, आग होते, भगभगतं, टोचतं, वळतं, सलतं. आपल्या आज्या हे सगळं नेमकं सांगायच्या आणि वैद्य त्यावरून ओळखायचे. आता दवाखान्यात आपल्याला विचारतात, दहापैकी किती दुखतं? काकू म्हणाल्या, "मी सात सांगते. सात म्हणजे काय ते त्यांनाही ठाऊक नाही, मलाही."

"दुखतंय" हा एक मोठा गोळा असतो. तो फोडून बघितला की आत ठणका निघतो तीन बोटांत, ओढ एका मनगटात, आणि बऱ्याच ठिकाणी काहीच नसतं. "काही नाही" हेही नोंदवायचं, यावर काकूंचा कटाक्ष आहे.

आता ते रजिस्टर.

"शिबिरात सातव्या दिवशी मला कळलं," काकू सांगतात, "की हे आपलं आवक-जावकच आहे. कळ आली, नोंद केली. गेली, नोंद केली. आयुष्यभर तेच तर केलं. फक्त शेऱ्याचा रकाना कोरा ठेवायचा."

शेऱ्यात काय असायचं?

काकू जरा थांबतात. दृश्यात बोटं दुलईची किनार चाचपताना दिसतात.

"मलाच का. आता हे असंच चालायचं. सुनेला ओझं झालं. उद्या पोळ्या लाटता येतील का. हे सगळं शेरे. कागद चार ओळींचा, शेरा चार पानांचा."

संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथात बुद्धांचा एक दाखला आहे. माणसाला एक बाण लागतो आणि लगोलग दुसरा. पहिला अंगाच्या दुःखाचा, दुसरा त्यावर मनानं केलेल्या आक्रोशाचा. शिकलेल्या माणसाला एकच बाण लागतो. त्याच निकायात नकुलपिता नावाचा म्हातारा, सतत आजारी असलेला गृहस्थ येतो. बुद्ध त्याला म्हणतात ते थोडक्यात असं: शरीर आजारी आहे खरं, पण मन आजारी पडणार नाही, एवढं शिकत राहा. बरा होशील असं ते त्याला म्हणत नाहीत. काकूंनी हे वाचलेलं नव्हतं. आम्ही सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हणजे शेराच की."

[दृश्य : कोमट पाण्याचं पातेलं. त्यात बुडवलेले हात. वाफ.]

साडेपाच. हात पाण्यात. बोटं उघडतात, मिटतात, उघडतात. हे आम्ही तीन सकाळी टिपलं, त्यातली ही दुसरी.

अभ्यास काय म्हणतात? २००७ साली आमवाताच्या ६३ रुग्णांवरचा माइंडफुलनेसचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी मनाचा त्रास कमी होता, सांध्यांचा आजार होता तेवढाच. २०१६ साली जुन्या कंबरदुखीच्या ३४२ जणांवर झालेल्या अभ्यासात रोजची कामं करणं सोपं झालेले लोक माइंडफुलनेसच्या गटात सुमारे ६० टक्के होते, नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांत ४४. आणि एक: तीव्र नैराश्य किंवा मनाचा जुना आघात असेल तर लांबलचक मौन शिबिराला डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बसू नये.

काकूंनी मधे तीन महिने गोळ्या सोडल्या होत्या. कुणीतरी म्हणालं होतं, ध्यान करता ना, मग विष कशाला खाता? उजव्या हाताची दोन बोटं वळली ती त्याच काळात. त्याचं चित्रीकरण नाही.

[दृश्य : रविवार. जेवणाचं टेबल. भिंतीवर कॅलेंडर, रविवारांवर निळ्या पेनाच्या खुणा.]

मेथोट्रेक्सेट ही काकूंची आमवातावरची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून वार ठरलेला, रविवार. अडीच मिलिग्रॅमच्या सहा. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, लिव्हर बघायचं. ही खूण घरात दुसऱ्या कुणी करायची नाही, पेनही काकूंचं.

गोळ्यांचं पाकीट हा काकूंचा जुना वैरी. अंगठ्यानं दाबून गोळी बाहेर काढायची ताकद आता बोटांत नाही. पाकीट टेबलावर पालथं घालतात. लाटण्याचं टोक फुगीर भागावर टेकवतात आणि वरून तळव्यानं दाबतात. एक. दोन. तीन. चौथी अर्धी तुटते, ती बाजूला. पाचवी. सहावी उडते आणि थेट फ्रिजखाली.

सूनबाई पोटावर झोपून टॉर्च मारतात. "आई, दिसतीये. पण धुळीत पडलीये."

"राहू दे. नंतर काढून टाक."

लाटणं टेबलावर आडवं पडलंय. काकूंचे हात त्याच्या दोन्ही बाजूंना, उताणे. खांदे बघा.

मग त्या पाकीट पुन्हा पालथं घालतात. अजून दोन काढायच्या आहेत.