आक्काच्या दोन पत्रिका

(दृश्य: बेळगाव, शहापूर. अरुंद गल्ली, आतून मागाचा खटखट आवाज.)

16 फेब्रुवारी 1980, शनिवार. शके 1901, माघ अमावास्या. त्या दुपारी चंद्राची सावली कारवार-अंकोल्याकडून देशात शिरली आणि हुबळी, गदग, रायचूर अशी पुढं सरकत गेली. हुबळीत भर दिवसा काळोख पडला. तिथून शंभरेक किलोमीटरवर, आमच्या शहापुरात, उन्हाचा रंग उडाला. माग थांबले, दारं लागली, पाण्याच्या घागरीत तुळशीची पानं पडली. आणि साडेतीनच्या सुमाराला, ग्रहण ऐन भरात असताना, माझी थोरली बहीण जन्मली.

आमची आक्का.

ग्रहणात जन्मलेलं मूल म्हणून शांती झाली, दान झालं. आप्पांनी गल्लीतल्या जोशांकडून पत्रिका मांडून आणली. ती अजून आहे.

(दृश्य: पिवळी पडलेली पत्रिका. बोट एकेका घरावरून फिरतं.)

ही आपली मराठी पद्धत. वरचं मधलं घर लग्नाचं. लग्न म्हणजे इथं विवाह नव्हे, जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास. त्यात 3 हा आकडा, म्हणजे मिथुन लग्न. इथं घरं जागची हलत नाहीत, राशींचे आकडे फिरतात. डावीकडून उलटं मोजत या. उजव्या बाजूला खालच्या त्रिकोणात 11 लिहिलंय, ती कुंभ रास. नववं स्थान, भाग्याचं. रवी, चंद्र आणि केतू तिघंही त्याच घरात.

ग्रहण पत्रिकेत दिसतं ते असं. सूर्यग्रहणात रवी-चंद्र एकत्र आणि जवळ राहू किंवा केतू. चंद्रग्रहणात ते समोरासमोर. राहू-केतू आकाशात शोधून सापडायचे नाहीत, कारण ते गोळे नव्हेतच. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी सुमारे 5 अंशांनी तिरकी आहे. या दोन वाटा जिथं एकमेकींना छेदतात, ते हे दोन बिंदू. अमावास्या किंवा पौर्णिमा त्यांच्याजवळ पडली, तरच ग्रहण. हे बिंदू उलटे सरकतात, 18.6 वर्षांत एक फेरी. म्हणून राहू कायम वक्री आणि एका राशीत साधारण दीड वर्ष. ज्यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या बिंदूंना ग्रहांच्या पंगतीत बसवलं, त्यांच्या गणिताला माझा आजही नमस्कार आहे.

(दृश्य: दुसरा कागद. चौकोनी चौकट, कानडी अक्षरं.)

आक्का विशीत आली तेव्हा धारवाडहून स्थळ आलं. माणसं मराठीच, पण त्यांचे जोशी कानडी. त्यांनी जन्मवेळ मागून घेतली आणि स्वतःचं जातक मांडलं. कानडी जातकात राशी जागच्या हलत नाहीत. वर डाव्या कोपऱ्यात मीन, तिथून उजवीकडं मेष, वृषभ, मिथुन. लग्नाच्या घरात फक्त एक तिरकी रेघ. कुंभ डावीकडं, मीनेच्या खाली. आमच्याकडं जे उजवीकडं, ते त्यांच्याकडं डावीकडं. आकाश मात्र तेच, कुंभेतले तिघं तेच.

ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच मुलखात, बागलकोटात राहून, राशिचक्राची सुरुवात ठरवायला चित्रा तारा धरून पंचांगाचं गणित नव्यानं मांडत होते. गणिताला इथं सीमा कधी नव्हती. फरक पडला तो फळ सांगताना.

आपल्याकडं बाप बहुतेक दहाव्या स्थानावरून बघतात. दक्षिणेकडं नवव्यावरून. शहापूरच्या जोशांनी म्हटलं होतं, भाग्य उशिरा उघडेल. धारवाडहून निरोप आला, पितृस्थानी ग्रहण आहे. आणि आमचे आप्पा आक्का नऊ वर्षांची असताना काविळीनं गेले होते.

स्थळ मोडलं, त्याचं एवढं नव्हे. त्या निरोपानंतर घरातली एक म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली, पोरीच्या पत्रिकेनं बापाला खाल्लं. आक्का तेव्हा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. ते मला अजून दिसतं.

(दृश्य: आक्का. समोर पाट, पंचांग, पट्टी-पेन्सिल.)

आक्का दुसऱ्या वर्षी ज्योतिष शिकायला लागली. आधी मराठी पद्धत, मग कानडी. दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून तिनं जे पहिलं बघितलं, ते कुणीच बघितलं नव्हतं. सिंहेत राहूबरोबर मंगळ आहे, आणि गुरूही आहे. सिंहेतून सातव्या दृष्टीनं, म्हणजे समोरच्या सातव्या राशीवर पडणाऱ्या नजरेनं, गुरू थेट कुंभेकडं बघतो. त्या ग्रहणावर शुभ मानलेल्या गुरूची पूर्ण दृष्टी! राहूजवळचा गुरू बिघडलेला, असं कुणी म्हणेल. तिलाही ते ठाऊक आहे. पण शास्त्रात आहे ते सगळं वाचायचं, भीतीपुरतं नाही. आणि बापाचं आयुष्य बघायचं तर बापाची पत्रिका काढायची. आप्पांची पत्रिका त्या दिवशी कुणी ट्रंकेतून बाहेरसुद्धा काढली नाही.

आता लोक मुलींच्या पत्रिका घेऊन तिच्याकडं येतात. ग्रहण आहे म्हणून घाबरलेल्या बापाला ती आधी विचारते, “गुरू कुठं हाय, बघितलासा काय?”

(दृश्य: 7 सप्टेंबर 2025, रात्र. घराची गच्ची.)

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. आता खग्रास चंद्रग्रहण. चंद्र कुंभेत, राहू कुंभेत. 1980 ला जिथं केतू होता, तिथं आता राहू. पंचांगात कुंभ राशीला अनिष्ट फळ. वेध दुपारीच लागले होते. आक्काची सून सहा महिन्यांची गरोदर, आणि दिवसभर फोन येत होते: विळी धरू नको, बाहेर येऊ नको, खाऊ नको.

आक्कानं साडेआठला तिला गरम भात-आमटी वाढली. “पोटातल्याला भूक लागते, त्याला वेध कळत नाहीत.”

11 वाजून गेल्यावर ढगांच्या फटीतून चंद्र तांबूस दिसू लागला. खालून कुठूनतरी हाक आली, “दे दान, सुटे गिराण!” सून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकली होती. आक्कानं मागं न बघताच चटईवर सरकून जागा केली.