मला कुणी ढकललंच नाही

(जर्मनीतल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला इथल्या रोथ गावच्या ट्रायथलॉनबद्दल बोलायला सांगितलंय. ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि वर ४२.२ किलोमीटर पळायचं, सगळं एकाच दिवसात. रोथला त्यासाठी पंधरा तास देतात. साठी ओलांडलेल्या माणसानं हे पार पाडलं म्हणून तुम्ही आज मला शाल दिलीत. मनापासून आभार. पण गेल्या रविवारी आमच्या घरी एक वाक्य बोललं गेलं आणि तेव्हापासून या शर्यतीकडे मला पहिल्यासारखं बघता येत नाही. त्यामुळे ते वाक्य सोबत घेऊनच बोलतो.

आमच्या नातीला झेपफेर्टशेनचा, म्हणजे लहान मुलांच्या पोहण्याच्या पहिल्या परीक्षेचा, बिल्ला मिळाला. इथल्या सगळ्या आजी-आजोबांना तो ठाऊक आहे. काठावरून उडी, पंचवीस मीटर पोहणं, आणि खांद्याएवढ्या पाण्यात तळाशी टाकलेली वस्तू वर काढून आणणं. बिल्ला पोहण्याच्या पोशाखावर शिवायचं काम आजीकडे आलं. शेजारी बसून नात विचारते, "आजी, तुझा बिल्ला कुठंय?" आजी म्हणाली, मला पोहता येत नाही. तिला ते पटेना. "आबांना तर येतं. ते विहिरीत शिकले. तुमच्याकडे विहीर नव्हती?" "होती की. दोन होत्या." "मग?"

तेव्हा ही म्हणाली, "मला कुणी ढकललंच नाही."

म्हणाली आणि दाताने दोरा तोडून पोशाख नातीच्या हातात दिला. आवाजात राग नव्हता.

ढकलणं म्हणजे काय, हे इथं बसलेल्या बीड, लातूर, परभणी, नांदेडकडच्या माणसांना सांगायला नको. मे महिना. पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा, कमरेला सोल, सोलाचं दुसरं टोक काकाच्या हातात. आपण थारोळ्याच्या दगडाला मिठी मारून रडतोय आणि मागून धक्का. नाकातोंडात पाणी. वरून आवाज, "पाय मार, लेका, पाय मार!" मग हळूहळू डबा सुटतो, सोल सुटते आणि दुपारभर मुटके सुरू होतात.

त्याच विहिरीवर, त्याच वेळी, आपल्या बहिणी असायच्या. घागर बुडवायला, धुणं धुवायला, भावाचे कपडे सांभाळायला. एखादी धीट पोरगी शिकायचीसुद्धा, पण ती वयात आली की तिचंही बंद. पाण्याशी सगळ्यात जास्त संबंध बायांचा, पाय घसरून विहिरीत पडायची भीतीही त्यांनाच, आणि पोहायला शिकवलं मात्र आपल्याला. आमची ही लातूरकडची, मांजरेच्या काठची. मी केज तालुक्यातला, त्याच नदीच्या वरच्या अंगाचा. पाणी एकच होतं.

आता शर्यतीचं सांगतो. रोथला पोहायचं असतं माइन-डॅन्यूब कालव्यात. एरवी तिथून मालवाहू जहाजं जातात. त्या दिवशी कालवा स्पर्धेसाठी बंद ठेवतात. सकाळी साडेसहापासून एकेक तुकडी पाण्यात सोडतात. वेटसूट अंगाला इतका घट्ट असतो की पहिले काही मिनिटं श्वास पुरत नाही. पाणी हिरवट, हात लांबवला की पंजाही दिसत नाही. पुढच्याच्या टाचा तोंडावर बसतात. विहिरीतलं आपलं पोहणं म्हणजे तोंड वर ठेवून गोल फिरणं. इथं सरळ रेषेत जायचं, तोंड पाण्यात ठेवायचं, कुशीवर वळून श्वास घ्यायचा. हे सगळं मला इथल्या पोहण्याच्या तलावावर एका तरुण प्रशिक्षिकेकडून नव्यानं शिकावं लागलं. पण एक गोष्ट शिकावी लागली नाही. खाली तळ नाही, हाताला कठडा नाही, तरी आपण बुडत नाही, हा भरवसा माझ्या अंगात होताच. तो काकानं दिला होता. स्पर्धेतले कित्येक जण सायकल आणि धावण्यात तरबेज असतात, पण पाण्यात उतरताना त्यांचं तोंड पांढरं पडतं. तंत्र मोठेपणी येतं. हा भरवसा मोठेपणी मिळवायला फार कष्ट पडतात.

सायकलीचं थोडक्यात सांगतो, कारण तास सगळ्यात जास्त तिथं जातात आणि सांगण्यासारखं सगळ्यात कमी घडतं. दोन फेऱ्या, ग्रेडिंगचा चढ, हॉपच्या बागा, आणि हिल्पोल्टश्टाइनजवळचा झोलारर बेर्गचा तो चढ. तिथं पालखीला वाट द्यावी तशी माणसं जेमतेम एका सायकलीपुरती फट ठेवून दोन्ही बाजूंनी ओरडत असतात. अंगावरच्या क्रमांकावर नाव छापलेलं असतं, त्यामुळे अनोळखी माणसं नाव घेऊन हाका मारतात. खाण्याचं मात्र नीट सांगतो, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. त्या एनर्जी जेलच्या पुड्या माझ्या पोटाला चालत नाहीत. मी गूळ, मीठ, लिंबू घातलेलं पाणी आणि शेंगदाण्याची चिक्की घेऊन गेलो. सरावाच्या लांब दिवसांनंतर ही आंबील करून ठेवायची. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात माठातून पितो तीच. ज्वारीचं पीठ, ताक, मीठ, लसूण. घामावाटे गेलेलं मीठ आणि पाणी भरून काढायला मला तिच्याइतकं काही मानवलं नाही.

आणि इथंच पुन्हा ते वाक्य. आंबील कोण करत होतं? मी पहाटे उठून सायकल काढायचो तेव्हा नातीला शाळेत कोण सोडत होतं? शनिवारची लांब धाव संपवून मी आडवा व्हायचो तेव्हा घर कोण चालवत होतं? एवढ्या लांबच्या शर्यतीचा सराव म्हणजे आठवड्यातले कितीतरी तास, महिनोन्‌महिने. ते तास घरातलं दुसरं कुणीतरी मोकळे करून देतं. आपल्या घरांत ते कुणीतरी बहुतेक वेळा एकच असतं.

धावताना, मॅरेथॉनचा शेवटचा टप्पा उरला असताना, कालव्याकाठच्या वाटेवर माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. चालायला लागलो. मागून एक बाई आल्या, माझ्याहून वयानं मोठ्या, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी. छोटी छोटी पावलं, एकसारखी. त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त हात हलवून खूण केली, चल. मी त्यांच्या टाचांकडे बघत पळायला लागलो. ती पावलं मला ओळखीची वाटत होती. अश्विनी पौर्णिमेला तुळजापूरला अनवाणी जाणाऱ्या बाया अशाच चालतात. घाई नाही, पण थांबणंही नाही. लातूरकडून निघतात, रात्र रस्त्यातच काढतात, आणि आईच्या दारात पोचल्यावर पुन्हा उभं राहून ओवी म्हणायला त्यांच्यात दम असतो. आमची हीसुद्धा लग्नाआधी आईबरोबर गेली आहे. मी कालव्याच्या काठाला ज्या दमासाठी धडपडत होतो, तो तिच्याकडे विशीतच होता.

माझ्या आईकडेही होता. ७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर तिनं खडी फोडली. सकाळी कामावर, दुपारी सुकडी, संध्याकाळी परतताना लांबून पाणी. डोक्यावर दोन घागरी, कमरेवर एक. अंगमेहनतीची आपल्या बायांना कमी कधी नव्हतीच, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या बायांना ती आजही नाही. मिळालं नाही ते एवढंच, की शरीर आपल्या स्वतःच्या आनंदासाठी वापरावं.

एवढ्या अंतराची पहिली स्पर्धा, आयर्नमॅन, सुरू झाली १९७८ मध्ये, हवाईतल्या ओआहू बेटावर. कल्पना जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या नवरा-बायकोची. पहिल्या वर्षी पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली, सगळे पुरुष. पुढच्याच वर्षी लिन लेमेअर ही पहिली बाई उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. मॅडोना ब्यूडर नावाची कॅथलिक जोगीण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पळायला लागली, आणि २०१२ मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी कॅनडातली पूर्ण अंतराची आयर्नमॅन तिनं वेळेत संपवली. आपल्याकडे आरती साहांनी १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पार केली, आशियातली पहिली स्त्री म्हणून. बायांना जमतं का, हा प्रश्न कधीचाच मिटलेला आहे.

मग आता थोडं आपल्या मंडळाकडे बघू. रागावू नका, मी तुमच्यातलाच आहे. आपल्या क्रीडादिनाचं पत्रक आठवा. पुरुषांसाठी क्रिकेट. मुलांसाठी धावणं, उड्या, रस्सीखेच. महिलांसाठी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. तेही दुपारी, जेवणाची वाढप आटोपल्यावर, वेळ उरला तर. सकाळभर त्या भाकरी, पिठलं आणि ठेच्याच्या मांडणीत असतात. या देशात येऊन आपल्याला तीस-तीस वर्षं झाली. जिथं बहुतेक शहरांत तलाव आहे, गरम पाणी आहे, मोठ्या माणसांसाठी शिकवण्या आहेत, अंगभर पोशाख मिळतो, तिथं आपल्या पन्नाशीपुढच्या किती बायकांना पोहता येतं? कुणाला लाज वाटते, कुणाला भीती. कुणाला घरचे म्हणतात, आता या वयात कशाला. मला मात्र या वयात शाल मिळाली.

माझ्या शर्यतीनंतर मंडळातल्या बऱ्याच पुरुषांनी फोन केले. सायकल कोणती घेऊ, बूट कोणते घेऊ. चांगली गोष्ट आहे, जरूर घ्या, साखर आणि रक्तदाब तपासून सुरू करा, आणि पहिली शर्यत लहान अंतराची करा. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. पण फोनवर एकानंही बायकोला सोबत आणतो असं म्हटलं नाही, आणि बायकांचा तर एकही फोन आला नाही.

गावाकडचं एक सांगायचं राहिलंय, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या बीड जिल्ह्याचं नाव अविनाश साबळेनं जगभर नेलं. आष्टी तालुक्यातलं मांडवा, शेतकऱ्याचं घर, आणि हा पोरगा २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीत, केनियाच्या धावपटूपेक्षा फक्त ०.०५ सेकंदानं मागे राहून रौप्य घेतो, पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण घेतो. आज आमच्याकडे पहाटे डांबरी रस्त्यानं पोरं पळताना दिसतात, आणि पोरीसुद्धा. बहुतेक पोलीस भरतीसाठी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. माझी पुतणीही त्यांतलीच. अंधारात तीन-चार मैत्रिणी मिळून पळतात, मागे कुणाचा तरी भाऊ मोटारसायकलचा दिवा लावून हळूहळू येतो. हा भाऊ मला फार मोठा वाटतो. माझ्या काकाचं काम तो पोरींसाठी करतोय.

पोहायचं मात्र तिला येत नाही. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "काका, विहिरीत पाणीच दिवाळीपर्यंत असतं, शिकू कुठं?" खरं आहे ते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं, ते आपण सगळ्यांनी इथं टीव्हीवर बघितलंय. आता पोरांनाही कुणी ढकलत नाही, कारण ढकलायला पाणी नाही.

पण माझी काळजी निराळी आहे. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, म्हणतो, "दादा, भरती झाली तर ठीक. नाही झाली तर पुढच्या उन्हाळ्यात लग्न उरकून टाकू." पोरगी ८०० मीटर पळते ती नोकरीसाठी. नोकरी मिळाली तरी त्यानंतर ती पळेल का? नाही मिळाली तर सासरी तिला पहाटे कोण सोडेल? भावाला मी काय सांगू? तू चूक आहेस असं म्हणायला मी इथं बसून कोण? त्याच्यावर कर्ज आहे, पाऊस बेभरवशाचा आहे, जमिनीचा तुकडा केवढा आहे ते मला माहीत आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाची एक पुतणी, एक भाची अशी असणार. तुम्ही काय सांगता?

घरी मी हिला विचारलंय. तलावावर प्रौढ बायकांचा एक वर्ग आहे, शिकवणारीही बाईच आहे. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नात रोज विचारते. मी पुन्हा विचारणार नाही, कारण आता आग्रह केला तर तीही माझीच हौस होऊन बसेल.

क्रीडादिनाची सभा पुढच्या महिन्यात आहे. महिलांच्या रकान्यात काय लिहायचं ते तिथं ठरेल, आणि ते आम्ही पुरुषांनी ठरवू नये. त्या दिवशीची वाढप पुरुषांकडे द्यावी, हा ठराव मी मांडतो आहे, अनुमोदन आत्ताच द्या. बायकांनी सभेला यावं. आणि समजा नेहमीसारख्या दोघी-तिघीच आल्या, तर बाकीच्या का आल्या नाहीत, हे घरी गेल्यावर आपल्यापैकी किती जण विचारतील?