लेकराची रेघ कुठं चाललीय?

(बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका, आशाताई आणि पालकांसमोर एका बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

ताईंनो, मावश्यांनो आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या बाप मंडळींनो, आधी पुढं येऊन बसा. आजचा विषय फक्त आयांचा नाही.

दवाखान्यात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "डॉक्टर, लेकराचं वजन बरोबर हाये का?" मी लगेच विचारतो, "मागच्या महिन्यात किती होतं?" आणि बहुतेक वेळा तिथं शांतता पसरते. दर महिन्याच्या वजनाचं टिंब मांडायचं वाढीचं कार्ड घरी असतं, किंवा माहेरी राहिलेलं असतं, किंवा कार्ड असतं पण त्यावर तीन महिन्यांत एकही टिंब पडलेलं नसतं. मग मी बरोबर की चूक हे कशाच्या आधारावर सांगू?

समजा, माझ्यासमोर १० महिन्यांच्या दोन मुली आहेत. दोघींचं वजन ७ किलो. दोघीही कार्डावरच्या हिरव्या पट्ट्यात. पहिली जन्मली तेव्हाच बारीक होती, सहाव्या महिन्यात ५.६ किलो होती, म्हणजे हिरव्या पट्ट्याच्या जरा खालीच. तिथून ती ७ किलोवर आली. दुसरी सहाव्या महिन्यातच ७ किलो होती, अगदी छान. आणि आज, चार महिन्यांनंतरही ७ किलोच आहे. आजचा काटा दोघींबद्दल एकच आकडा सांगतो. पण पहिलीच्या आईला मी शाबासकी देऊन घरी पाठवीन, आणि दुसरीला थांबवून घेईन. तिला जुलाब झाले होते का, वरचं खाणं कधी सुरू केलं, खोकला किती दिवस आहे, घरात कुणाला टीबी आहे का, हे सगळं विचारीन. टिंबं जोडणारी रेघ आडवी झाली की लेकरू हिरव्यात असलं तरी ते अडचणीत आहे. रेघ पिवळ्यात, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्यात, उतरेपर्यंत वाट पाहायची नसते. एवढं एकच तुम्ही इथून नेलंत तरी मला पुरे आहे, पण मी आणखी बोलणार आहे.

या कार्डावरच्या रेषा आल्या कुठून? १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या मुलांची मापं जागतिक आरोग्य संघटनेनं घेतली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. आईचं दूध मिळालेली, वेळेवर लसी आणि चांगलं खाणं मिळालेली मुलं निवडली होती. त्यावरून २००६ साली हे तक्ते आले. आणि त्यातून दिसलं ते असं की पोटभर, चांगलं अन्न आणि निरोगी घर मिळालं तर पहिल्या पाच वर्षांत नॉर्वेचं लेकरू आणि दिल्लीचं लेकरू जवळजवळ सारखंच वाढतं. म्हणून "आपल्याकडची लेकरं बारकीच असत्यात" हे वाक्य मला ऐकवत नाही. आपल्या मातीत बारकेपण नाही. ते आईच्या रक्तक्षयातून, अपुऱ्या खाण्यातून आणि वारंवारच्या आजारपणातून येतं. राज्यानं २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलं, त्याची पायाभरणी आपल्या औरंगाबाद विभागातच झाली होती. प्रत्येक लेकराचं वजन करायचं, एकही सोडायचं नाही, हा त्या कामाचा गाभा होता. काम मराठवाड्यातून सुरू झालं याचा मला अभिमान आहे, म्हणून आठवण करून दिली.

ढोबळ हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. जन्मवजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट, वर्षाला तिप्पट, दोन वर्षांना चौपट. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, त्याला घाबरू नका, दहा ते चौदा दिवसांत ते भरून येतं. जन्मताना लांबी साधारण ५० सेंटीमीटर, वर्षाला ७५. डोक्याचा घेर जन्मताना ३४-३५, वर्षाला ४६च्या आसपास. डोकं फार झपाट्यानं वाढत असेल किंवा वाढतच नसेल, तर टेप कधी खोटं बोलत नाही.

मात्र माप नीट घेतलं तरच. काटा आधी शून्यावर आणा. स्वेटर, टोपी, पायातले वाळे उतरवा. दोन वर्षांखालच्या लेकराची लांबी झोपवूनच मोजायची आणि त्याला दोन माणसं लागतात, एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं गुडघे सरळ ठेवायचे. एकट्या सेविकेनं रडणाऱ्या लेकराची लांबी घेतली तर ती दोन-दोन सेंटीमीटरनं चुकते. शेजारी बसलेल्या आजीला मदतीला घ्या. आणि आजींना माझं हात जोडून सांगणं आहे, दृष्ट लागेल म्हणून वजन टाळू नका. तीट लावा, मीठ-मोहऱ्या ओवाळा, पण काट्यावर ठेवू द्या.

आता वाढीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट, विकास. दीड-दोन महिन्यांत लेकरू आपल्या तोंडाकडं बघून हसतं. चौथ्या महिन्यापर्यंत मान धरतं. मग पालथं पडतं, आधारानं बसतं, मग बिनआधाराचं बसतं. नऊ-दहा महिन्यांत चुरमुरा चिमटीत उचलतं आणि परक्या माणसाला बघून आईला बिलगतं. वर्षाच्या आसपास एखादा अर्थाचा शब्द येतो, दोन वर्षांना "आई, पाणी" असे दोन शब्द जोडले जातात.

इथं आया एकमेकींच्या लेकरांची शर्यत लावतात, ती थांबवा. आधाराशिवाय बसणं सुमारे चार ते नऊ महिन्यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतं. एकट्यानं चालणं आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान. म्हणून जावेचं पोर अकराव्या महिन्यात चाललं आणि तुमचं चौदाव्यात चाललं, तर दोन्ही ठीक. काही निरोगी मुलं रांगतच नाहीत, बुडावर सरकतात आणि थेट उभी राहतात. शर्यतीपायीच लोक बाजारातला बसायचा वॉकर आणतात. त्यात लेकरू लटकतं, पायाच्या चवड्यांवर ढकलतं, पायऱ्यांवरून पडतं आणि चालायला उलट उशीर होतो. आपला लाकडी पांगुळगाडा निराळा. तिथं लेकरू स्वतःच्या पायावर उभं राहून गाडा ढकलतं. तो आणा, फक्त जवळ थांबा.

पण सवलतीलाही हद्द असते. तीन महिन्यांत हसू नाही, पाच महिन्यांत मान नाही, दहा महिन्यांत बसणं नाही, दीड वर्षात चालणं नाही, दीड वर्षात एकही शब्द नाही, तर "याचा बाप पण उशिरा बोलला" म्हणून गप्प बसायचं नाही. आशाताईंसाठी तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्रानं तयार केलेला तक्ता फार उपयोगाचा आहे. जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या फक्त १७ गोष्टी आहेत. लेकराच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलच्या डाव्या बाजूला संपलेली एखादी गोष्ट लेकराला येत नसेल तर पुढं पाठवायचं. पाच-सात मिनिटांचं काम आहे. वेळेआधी जन्मलेल्या लेकराचं वय मात्र जन्मतारखेपासून मोजू नका. दोन महिने आधी आलेलं लेकरू आज सहा महिन्यांचं असेल तर त्याला चार महिन्यांच्या मापानं जोखायचं, दोन वर्षांचं होईपर्यंत.

बोलण्याबद्दल एक सांगतो. जन्मतः ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने "आं-ऊं" करतं, हुंकार देतं. त्यामुळं घरच्यांना वाटतं, सगळं ठीक आहे. सहा महिन्यांनंतर तो आवाज हळूहळू कमी होत जातो. थाळी वाजवून बघणं ही तपासणी नव्हे, लेकरू हादरा आणि हालचाल ओळखून वळतं. शंका असेल तर कानांची यंत्रावरची तपासणी करा, आणि लवकर करा, कारण भाषा शिकण्याची ती वर्षं परत येत नाहीत.

आणि सगळ्यात तातडीची खूण म्हणजे आलेलं गेलं. हसणारं लेकरू हसेनासं झालं, बसणारं कलंडायला लागलं, "बाबा" म्हणणारं मुकं झालं. वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर.

यातला एक आजार आपल्याकडं मी पुन्हा पुन्हा बघतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. लेकरू आठ-दहा महिन्यांचं, फक्त आईच्या दुधावर, दिसायला बऱ्याचदा गुबगुबीत. वजनाचं टिंबही हिरव्यात. पण रंग फिका, केस विरळ आणि भुरे, बोटांच्या पेरांवर काळपटपणा, आणि नजर कुठंच ठरत नाही. खुळखुळा वाजवला तरी वळत नाही. पुढं हात आणि मान थरथरायला लागतात. हे बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लेकरू. बी-१२ धान्यात, डाळीत, भाजीत नसतं. ते दूध-दही, अंडी, मांस-मासे यांतच मिळतं. माळकरी घरातली सून, तिच्या वाट्याला दूधही येत नाही, कारण दूध डेअरीला जातं. मग तिच्या दुधातही बी-१२ नाही आणि लेकरातही नाही. कुणी माळ काढावी असं मी मुळीच म्हणत नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना तिला रोज दूध-दही द्या, तिचं बी-१२ तपासा, गोळ्या द्या. आणि सहाव्या महिन्यात उष्टावण झालं की ते एका दिवसाचं कौतुक ठेवू नका. मुगाची खिचडी, भाकरी दुधात कुस्करून, शेंगदाण्याचं बारीक कूट, केळं, चालत असेल तर अंडं, असं रोज. या लेकरांना बी-१२ची इंजेक्शनं दिली की काही दिवसांत ती हसायला लागतात. आईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे दिसतं ते शब्दांत सांगता यायचं नाही. पण उशीर झाला तर मेंदूचं काही नुकसान कायमचं राहतं.

आता आपल्या जिल्ह्याचं दुखणं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. आई-बाप कोयत्यावर, लेकरू बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, मुक्काम साखर कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे झोपडीत. पहाटे आई फडात, लेकरू बहिणीच्या कडेवर, आणि ती बहीणही सात-आठ वर्षांची. कार्ड मात्र गावात पेटीत. मग पाच-सहा महिने टिंब नाही. ज्या काळात लेकरू बसतं, रांगतं, पहिला घास खातं, नेमका तोच काळ रेघेतून गायब. लांबी खुंटते ती याच पहिल्या दोन वर्षांत, आणि नंतर कितीही खाऊ घातलं तरी पूर्ण भरून येत नाही.

म्हणून सेविकांना माझी विनंती आहे. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोणी घेतली हे गावाला माहीत असतं. त्या प्रत्येक घरातल्या लेकराचं माप निघण्याआधी घ्या. कार्ड आईच्या हातात द्या आणि बापाच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतराची नोंद करा, म्हणजे तळाजवळच्या अंगणवाडीला ते लेकरू आपलं म्हणून घेता येईल. आईला सांगा की तिथली लस, तिथला आहार हा तिच्या लेकराचा हक्क आहे, उपकार नाही. कार्डावर जन्मतारीखही पक्की लिहा. "येळवसीच्या (वेळ अमावस्येच्या) आदल्या दिवशी झाला" हे आपल्याला समजतं, पण परगावच्या सिस्टरला त्यावरून तारीख लिहिता येत नाही.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "परत आलेल्या लेकराचं आधी काय बघू?" आल्यापासून आठवड्याच्या आत वजन आणि लांबी. मग सहा महिन्यांवरच्या लेकराच्या दंडाला पट्टी लावा. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली असेल तर ते अतितीव्र कुपोषित आहे. दोन्ही पावलांवर अंगठ्यानं मंद दाब द्या आणि तीन सेकंद धरा. खड्डा राहिला तर वजन कितीही दिसो, लेकरू आजारी आहे, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. यातलं काही नसेल तर राहिलेल्या लसी द्या, खेळवून बघा, आणि पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर पुन्हा वजन करा.